ज्यांना साक्ष द्यायला कुणी बोलावत नाही, त्यांच्या वतीने : पाळकांना आणि विश्वस्तांना खुले पत्र

आदरणीय पाळक, वडीलमंडळी आणि विश्वस्तहो,

प्रभूच्या नावाने सलाम.

उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपले काय भले केले ते उभे राहून सांगण्याची, वेळ आली की कोण उभे राहते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? ज्याला बढती मिळाली तो उभा राहतो. जिच्या मुलाला परदेशात नोकरी लागली ती उभी राहते. कुणाचे नवे घर झालेले असते, कुणाचे अडकलेले कर्ज मंजूर झालेले असते. सगळे टाळ्या वाजवतात, देवाचे नाव घेतात. त्यात वावगे काही नाही, दुसऱ्याच्या आनंदात आपण सामील व्हायलाच हवे. पण ज्याने तेवढेच उपवास केले, तेवढ्याच रात्री गुडघ्यांवर काढल्या आणि तरीही ज्याची नोकरी गेली, त्याला पुढे बोलावलेले मी पाहिलेले नाही. त्याच्या वाट्याला ‘प्रार्थनेची विनंती’ येते. साक्ष येत नाही.

हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला आणखी काही शिकवावे लागत नाही. ज्याचे बरे चालले आहे त्याच्यावर देव प्रसन्न आहे, आणि ज्याचे बिनसले आहे त्याच्यात काहीतरी खोट आहे, हे त्याला आपोआप कळते. तुम्ही व्यासपीठावरून असे कधी म्हटले नसेल. बहुतेक पाळक म्हणतही नाहीत. पण पहिल्या रांगेत कोण बसतो, भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर कुणाचे नाव कोरले जाते, पाळकांच्या फेऱ्या कुणाच्या घरी जास्त होतात, यातून लोक शिकतात. हा धडा खोटा आहे असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माणूस कोण आहे आणि त्याची किंमत किती, हे देवाने आधीच ठरवून टाकलेले आहे. पैशाच्या हिशोबाने ते पुन्हा ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

बायबलातले ईयोबाचे पुस्तक उघडून पाहा. पहिल्याच अध्यायात देवापुढे एक प्रश्न येतो : ईयोब देवाचे भय धरतो ते काय फुकट? तू त्याच्याभोवती कुंपण घातलेस, त्याची गुरेढोरे वाढवलीस, म्हणून तो तुला मानतो. त्याचे सगळे काढून घे, मग बघ. हा प्रश्न सैतानाचा आहे. देव आणि माणूस यांचे नाते म्हणजे देण्याघेण्याचा व्यवहार आहे, ही कल्पना त्या पुस्तकात मांडतो तो सैतान. आणि तीच कल्पना सुविचाराच्या रूपात आज आपल्या कॅलेंडरांवर छापली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे ईयोबाचे खरोखरच सगळे जाते आणि त्याचे मित्र त्याला भेटायला येतात. ते वाईट माणसे नाहीत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. आपल्यातले किती जण एवढे करतील? पण तोंड उघडले तेव्हा ते म्हणाले की तुझे सगळे गेले, त्या अर्थी तू काहीतरी पाप केले असशील. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो मात्र याच मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही खरे बोलला नाहीत, असे तो त्यांना सांगतो.

यावर तुम्ही म्हणाल की ईयोबाला अखेर दुप्पट मिळाले. मिळाले, खरे आहे, आणि संदेशांत तेवढेच सांगितले जाते. पण क्रम पाहा. ‘आजवर तुझ्याविषयी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी तुला पाहिले’ अशा अर्थाचे ईयोब बोलतो तेव्हा त्याच्या हातात काहीच आलेले नाही. मेंढरे, उंट, बैल सगळे नंतर आले. देव त्याला भेटला तो राखेत बसलेला असताना.

हे मी पुस्तकापुरते बोलत नाही. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचा धंदा जोरात होता तेव्हा कोणताही कार्यक्रम त्यांच्यावाचून होत नसे. त्यांच्या हस्ते उद्घाटने व्हायची, सणाच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला तेच असायचे. मग धंदा बुडाला. ते मागच्या बाकावर बसू लागले. नंतर उशिरा येऊन लवकर निघून जाऊ लागले, आणि पुढे येईनासे झाले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “पैसे गेले त्याचं इतकं काही नाही हो. पण आता देवासमोर कोणत्या तोंडाने बसू?” त्यांचा कुणी अपमान केलेला नव्हता. त्यांना कुणी एक वाकडा शब्दही बोललेले नव्हते. ती भरभराट म्हणजे देवाने त्यांच्यावर मारलेला पसंतीचा शिक्का, असे आपणच त्यांना वर्षानुवर्षे दाखवत आलो होतो. भरभराट गेली तेव्हा शिक्काही गेला, असे त्यांना वाटले तर दोष त्यांचा कसा?

आता येशूच्या बाप्तिस्म्याकडे या. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की तो तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता. तोवर त्याने एकही प्रवचन केलेले नाही, एकाही रोग्याला बरे केलेले नाही, त्याच्यामागे एकही शिष्य नाही. नोंद ठेवावी असे काहीच खात्यावर नसताना आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. पित्याचा संतोष आधी आला. काम नंतर सुरू झाले.

त्याच्या लगेच पुढे अरण्यातली परीक्षा येते, आणि सैतान नेमका त्याच जागी बोट ठेवतो. तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. म्हणजे सिद्ध करून दाखव. मग तो जगातली सगळी राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवतो. येशू काहीही सिद्ध करायला जात नाही. पित्याने जे सांगितले तेवढे त्याला पुरेसे होते. आपल्या सगळ्या धावपळीचे मूळ मला इथे दिसते. आपण ऐकलेल्या शब्दावर विसंबत नाही आणि धोंड्यांच्या भाकरी करत सुटतो, कारण ‘मी कोण?’ या प्रश्नाला दाखवण्याजोगे उत्तर हवे असते. नोकरीचे पद, घराचा आकार, मुलांच्या शाळेचे नाव. ही उत्तरे वाईट नाहीत, पण ती आपल्या हातात टिकत नाहीत. एक आजारपण, बाजारातली एक मंदी, एक वाटणीचा खटला, आणि उत्तर बदलते. उत्तर बदलले की आत राहणारा माणूसच हरवतो.

म्हणून श्रीमंतांचीही मला तितकीच काळजी वाटते. पहिल्या रांगेतल्या माणसाला आपण जे देतो तो सन्मान नाही. लोकांचे प्रेम आपल्यावर आहे की आपल्या धनादेशावर, हे त्याला कधीच कळत नाही. येशूने धनवानांना असे वागवले नाही. जक्कय हा मुख्य जकातदार आणि श्रीमंत होता, लोकांच्या तिरस्काराचा धनी होता. येशूने त्याला झाडावरून नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी उतरायचे ठरवले. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची गोष्ट त्यानंतरची आहे. त्या श्रीमंत तरुणाचेही तसेच. तो शेवटी खिन्न होऊन निघून गेला, देवाच्या राज्यासाठी त्याचा ‘उपयोग’ झाला नाही. पण मार्काने आपल्या शुभवर्तमानात एक छोटी गोष्ट नोंदवून ठेवली आहे, जी मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत नाही : येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. मालमत्ता विकायला सांगण्याआधी केली. जो देणार नव्हता त्याच्यावर केली. आपल्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत अशा माणसाविषयी काय बोलले गेले असते?

अर्पणाच्या वेळी आपण वाचतो त्या दोन शास्त्रभागांविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. पहिला मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा दहावा श्लोक : सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, भांडारात आणा, म्हणजे मी आकाशाची दारे उघडतो की नाही ते पाहा. आम्हाला तो पाठ झाला आहे. त्याच अध्यायाचा पाचवा श्लोक मात्र मी अर्पणाच्या वेळी कधीच ऐकलेला नाही. तिथे देव न्याय करायला येतो, आणि ज्यांच्याविरुद्ध येतो त्यांच्यात मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे, परक्याचा हक्क हिरावणारे आहेत. अवघ्या पाच श्लोकांचे अंतर. दशमांशाचा श्लोक वाचायचा असेल तर हा आधी वाचा, आणि मंडळीच्या आवारात झाडणाऱ्या बाईला, रात्रीच्या रखवालदाराला आपण किती पगार देतो तो आकडा त्याच दिवशी वाचून दाखवा.

दुसरा भाग विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन अगदी क्षुल्लक नाण्यांचा. तिने सर्वांपेक्षा अधिक टाकले, असे येशू म्हणाला, आणि ते ऐकवून आपण पिशवी फिरवतो. मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीच्या ओळी काढून पाहा. लांब झगे घालून मिरवणाऱ्या, सभास्थानात पुढच्या जागा धरणाऱ्या आणि विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असे येशू तिथे सांगतो. आणि पुढच्याच ओळींत ती विधवा येते आणि उरलीसुरली उपजीविकाही त्याच मंदिराच्या भांडारात टाकते. पुढचा अध्याय उघडतो तेव्हा एक शिष्य मंदिराचे भव्य दगड कौतुकाने दाखवत आहे आणि येशू सांगतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर खरोखरच जमीनदोस्त केले. त्या बाईची थोरवी मला कमी करायची नाही, तिने देवावर टाकलेला भार अस्सल होता. पण जिच्याकडे दोनच टोल्या उरल्या होत्या तिला त्या टाकाव्या लागेपर्यंत मंदिराचे विश्वस्त काय करत होते, हा प्रश्न त्या गोष्टीत आहे, आणि तो तुम्हाला उद्देशून आहे.

‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ ही भाषाही आता सर्रास ऐकू येते. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी ती रूढ केली आणि दूरचित्रवाणीने जगभर नेली. पेरणाऱ्याच्या दाखल्यातले बी कोणते, हे येशूने स्वतःच उलगडून सांगितले आहे. ते बी म्हणजे वचन आहे. तिथे नाण्याचा उल्लेखही नाही. आणि ही चूक नवी नाही. 1517 साली मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाने पंच्याण्णव मुद्दे मांडले तेव्हा रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या उभारणीसाठी क्षमापत्रे, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे, विकली जात होती. देवाची कृपा रकमेत मोजायचा मोह प्रत्येक पिढीला पडतो. त्या काळी निदान लोक स्वर्गासाठी पैसे देत होते. आपण गाडीसाठी देतो.

याच्या उलट बाजूची माणसेही इतिहासात आहेत. 258 साली रोममध्ये छळ चालू असताना लॉरेन्स या सेवकाला मंडळीचा खजिना हजर करायला सांगितले, तेव्हा त्याने गरीब, आंधळे, पांगळे गोळा करून आणले आणि हाच आमचा खजिना असे सांगितले, अशी परंपरा आहे. आपल्याच भाषेतले पाहायचे तर तुकोबांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत केला, असे सांगतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि 1917 साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. या माणसांना पैशाचा तिटकारा होता असे मला वाटत नाही. आपण कोणाचे आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते, त्यामुळे पैसा हातात धरणे आणि सोडणे दोन्ही त्यांना जमत होते.

एक धोका मात्र मी इथे सांगितलाच पाहिजे, कारण या शिकवणीचा दुरुपयोग फार सोपा आहे. ‘तुझी किंमत देवाजवळ आहे’ असे सांगून भुकेल्याला घरी पाठवणे हे पाप आहे. याकोबाने त्याच्या पत्रात हेच लिहिले : उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ एवढेच म्हणाल तर काय लाभ? त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे आपण मानतो, तर त्याची मजुरी वेळेवर आणि पूर्ण देण्याचे याहून मोठे कारण कोणते? गरिबीत काहीही पवित्र नाही. पवित्र आहे तो त्या गरिबीत सापडलेला माणूस.

देव हे केवळ शब्दांनी सांगून थांबत नाही, तो त्यासाठी व्यवस्था लावून देतो. मिसरात इस्राएलांची किंमत विटांवर ठरत होती. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात फारो त्यांना पेंढा देणे बंद करतो आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवतो. अशा ठिकाणाहून सुटलेल्या लोकांना देव शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, देतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात त्याचे कारणच असे दिले आहे की तू मिसरात दास होतास हे ध्यानात ठेव. म्हणून तूच नव्हे, तुझा चाकर, तुझी दासी, तुझा बैल आणि गाढवसुद्धा त्या दिवशी थांबेल. एक वीटही न पाडता एक पूर्ण दिवस जगायचे आणि तरीही आपण देवाचेच आहोत हे अनुभवायचे. फारोची वही बंद ठेवायचा हा दर आठवड्याचा सराव आहे. आपल्या रविवारात तसे काही उरले आहे का? माझ्या ओळखीतली कितीतरी माणसे सहा दिवस बाजारात स्वतःची किंमत सिद्ध करतात आणि सातव्या दिवशी मंडळीत येऊन तेच करतात, फक्त कपडे चांगले घालून.

आणि प्रभूचे मेज, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचे प्रभुभोजन. करिंथच्या मंडळीत काय घडले ते प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. ज्यांच्याकडे होते ते आपापले जेवण आधी उरकत, काही जण मद्याने धुंद होत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. पौल संतापला. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे त्याने विचारले, आणि तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे, असे स्पष्ट सांगितले. भाकर तीच, द्राक्षारस तोच, पण एका माणसाला लाजवले गेले आणि विधी रिकामा झाला. त्या मेजापाशी सगळे जण रिकामे हात पुढे करतात. ते हात कारखानदाराचे आहेत की त्याच्या कामगाराचे, हे भाकर देणाऱ्याने विचारायचे नसते. देवाजवळची ओळख म्हणजे काय, हे मला कुणी विचारले तर मी त्याला तिथे घेऊन जाईन, मात्र तिथली रांग आपण आधीच्या रांगेसारखी लावलेली नसावी.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. इमारतीची दुरुस्ती आहे, पाळकांचा पगार आहे, विजेचे बिल दर महिन्याला येते. मोठ्या देणगीदाराला दुखवले तर भरपाई कुठून करायची? पौललाही पैसे मागावे लागले. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मोकळेपणाने मागितली. पण देणाऱ्याला भरभराटीचे आमिष दाखवून नाही. ख्रिस्त धनवान असता तुमच्यासाठी गरीब झाला, याची आठवण देऊन त्याने मागितले. तुमची विपुलता आज त्यांची उणीव भरून काढेल आणि उद्या त्यांची तुमची, म्हणजे समानता येईल, असेही लिहिले. शिवाय रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये म्हणून ती पोहोचवायला आणखी भाऊ सोबत दिले. मागा, जरूर मागा. हिशोब सर्वांसमोर ठेवा आणि देणाऱ्यांची नावे मात्र भिंतीवर ठेवू नका. ज्या पाट्या आधीच लागल्या आहेत त्यांचे काय करायचे, यावर मंडळीची सभा बोलवा. मी तिथे येऊन हेच बोलेन, आणि ज्यांच्या वडिलांचे नाव त्या पाटीवर आहे त्यांचे म्हणणेही शांतपणे ऐकेन.

आणखी एक विनंती आहे. साक्षीची वेळ बंद करू नका, तिचे दार रुंद करा. ज्या बाईने वर्षभर प्रार्थना करूनही नवऱ्याला गमावले आणि तरीही जी रविवारी येते, तिला विचारा की तू का येतेस. कर्ज फिटत नसलेल्या माणसाला विचारा की देव तुला आता कुठे भेटतो. कदाचित तो म्हणेल की भेटत नाही. तेही ऐकू या. स्तोत्रसंहितेत अशा आक्रोशाला जागा आहे, तर आपल्या उपासनेतही असायला हवी.

आणि ते गृहस्थ, ज्यांच्याविषयी मी वर लिहिले, ते एकटे नाहीत. नोकरी गेल्यावर, दुकान बंद पडल्यावर, मुलाच्या वागण्याची लाज वाटून जे येईनासे झाले, त्यांची नावे उपस्थितीच्या नोंदवहीत तुमच्याकडेच आहेत. या आठवड्यात ती वही काढा आणि त्यांच्या घरी जा. जाताना देणगीचे पाकीट नेऊ नका आणि पुढच्या कार्यक्रमाची पत्रिकाही नेऊ नका. मंडळीत परत या, असेही पहिल्या भेटीत म्हणू नका. नुसते त्यांच्याजवळ बसा. तुम्ही बोलावलेत तर मी सोबत येईन.

आपला,
मंडळीचा एक सभासद